उरलेल्या गोळ्यांचं हळदीकुंकू

उंद्रीच्या खालच्या आळीत कुणाचं डोकं दुखलं, पोट बिघडलं, लेकराला ताप भरला, की माणसं आधी सत्यभामाबाईंच्या ओसरीवर यायची. अनुपमाचं मेडिकल स्टँडजवळ होतं आणि सरकारी दवाखाना त्याच्याही पुढे. सत्यभामाबाई मात्र भिंतीला भिंत लागून होत्या, आणि त्यांच्याकडे गोळीच्या आधी चहा मिळायचा.

त्यांच्या फडताळात बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. नवरा रंगराव यांना साखरेचा आजार आणि रक्तदाबही. डॉक्टर गोळी बदलायचे, जुनी पाकिटं तशीच उरायची. मुलगा जीवन नांदुऱ्याला धान्याच्या अडतीवर कामाला होता. तो सुटीत आला की त्याच्या खोकल्याच्या बाटल्या, सुनेच्या बाळंतपणातल्या गोळ्या, नातवाचे थेंब, जे उरेल ते सगळं इथेच राहायचं. सत्यभामाबाई त्यातलं काहीही टाकत नसत. वांग्याचा तोडा झाला की पाटीभर वांगी शेजारी वाटायची, तशाच या गोळ्याही त्या वाटायच्या. अक्षरओळख बेताचीच. पण रंग आणि आकार त्यांच्या पक्के ध्यानात होते. लांबट पिवळी अंगदुखीची, हिरवी पोटाची, बारकी पांढरी छातीतल्या जळजळीची.

अनुपमा मूळची बुलढाण्याची, एका शिक्षकाची मुलगी. औषधशास्त्राची पदविका घेऊन लग्नानंतर उंद्रीत आली आणि नवऱ्याबरोबर, हरिओमबरोबर, दुकान चालवू लागली. तिने एकदोनदा सांगून पाहिलं होतं.

"काकू, एकाचं औषध दुसऱ्याला देऊ नका हो."

"अवं माय, इतक्या वर्सात कोनाले काही झालं का? फेकून देऊ काय चांगल्या वस्तू?"

यावर अनुपमा हसून विषय सोडून द्यायची. मोठ्या बाईशी किती वाद घालायचा?

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी ते घडलं. शेजारच्या सिंधूताईंचा उपास होता. सकाळी नुसता काळा चहा पोटात गेलेला, आणि छातीत जळजळ सुरू झाली. त्या ओसरीवर आल्या. सत्यभामाबाईंनी डब्यातून अर्धं कापलेलं एक पाकीट काढलं, त्यातली बारकी पांढरी गोळी दिली आणि वर म्हणाल्या, "घे, आत्ता थंड पडते." मग दोघी मळ्यात वांगी तोडायला गेल्या.

दोन वाफे होतात न होतात तोच सिंधूताईंचे हात थरथरू लागले. थंडीच्या दिवसांत कपाळावर घामाच्या धारा. सत्यभामाबाईंनी हाक मारली, तर त्यांनी काहीतरी उत्तर दिलं, पण शब्द एकमेकांत अडकलेले. मग त्या सरीतच बसल्या आणि टोपली कलंडली.

"अवो, इकडं या लवकर!" सत्यभामाबाई ओरडल्या. रंगराव विहिरीजवळ मोटर पाहत होते. ते धावत आले आणि सिंधूताईंचा चेहरा बघताच म्हणाले, "साखर उतरली हिची. मले असंच झालतं त्या साली. गूळ आन, साखर आन, जे भेटन ते आन!"

मळ्यातल्या झोपडीत चहासाठी साखर होती. पाण्यात कालवून रंगरावांनी ती घोटघोट पाजली. सिंधूताई शुद्धीवर होत्या म्हणून गिळता तरी आली. तोवर कुणीतरी अनुपमाला फोन केला होता. ती स्कूटीवरून आली आणि बोटातून थेंब काढून यंत्रावर साखर तपासली. आकडा पाहून तिचा चेहरा बदलला.

"यांना साखरेचा आजार नाही, मग एवढी कशी उतरली? सकाळपासून काय घेतलं यांनी?"

सत्यभामाबाईंनी पदराच्या गाठीतून कापलेलं पाकीट काढून दिलं. नाव असलेला भाग केव्हाच कापून गेला होता. अनुपमाने उलटसुलट करून उरलेली अक्षरं जुळवली.

"काकू, ही काकांची जुनी साखरेची गोळी आहे."

सत्यभामाबाई सरीत खाली बसल्या. त्यांनी सिंधूताईंचा हात धरला, तो चिखलीच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत सोडला नाही. साखर पाजल्यावर सिंधूताईंना बरं वाटलं होतं, पण अनुपमा ऐकेना. या गोळीचा असर लवकर जात नाही, साखर पुन्हा उतरू शकते, असं ती म्हणाली. आणि तसंच झालं. दवाखान्यात संध्याकाळी साखर परत खाली गेली. पण तिथे सलाइन होतं, डॉक्टर होते. दुसऱ्या दिवशी सिंधूताई पायांनी चालत घरी आल्या, आणि आल्या आल्या म्हणाल्या, "बाप्पा, माहा उपास तं साखर पाजूपाजूच मोडला!"

सगळे हसले. सत्यभामाबाईंना हसू आलं नाही.

त्यानंतर त्यांनी ओसरीवर बसणंच सोडलं. कुणी त्यांना बोललं नव्हतं. सिंधूताईंनी तर मुळीच नाही. पण गोळी मागायला आता कुणी येत नव्हतं, आणि गोळी नाही म्हणून चहालाही नाही. जेवताना त्या मधेच थांबायच्या. एकदा रंगरावांना म्हणाल्या, "ते गेली असती तं?"

"गेली नाही न? मग कायले तेच ते घोकतं?" रंगराव म्हणाले. पण त्यांनाही घरातली शांतता जाचत होती.

एका सकाळी सत्यभामाबाईंनी डबा काखोटीला मारला आणि मळ्याच्या कडेच्या नाल्याकडे निघाल्या. रंगरावांनी अडवून पाहिलं, मग सरळ अनुपमाला फोन लावला. अनुपमा पोचली तेव्हा बाई नाल्याच्या काठावर झाकण उघडून बसल्या होत्या.

"काकू, थांबा!"

"नको अडवू, अनुपमा. हे पाप मले घरात नको."

"पाण्यात टाकाल तर कुठे जाईल ते? हा नाला तुमच्याच विहिरीच्या अंगाने वाहतो. याच्यावर शेळ्या येतात पाण्याला."

"मंग उकिरड्यात गाडतो."

"तिथून पाऊस ते खाली नेतो. आणि कोंबड्या उकरतात, लेकरं रंगीत गोळी उचलतात."

"जाळू?"

"त्या प्लॅस्टिकचा, औषधाचा धूर आपल्याच घरांत शिरेल."

सत्यभामाबाई चिडल्या. "मंग काय, गिळू का आता मीच सगळ्या?"

अनुपमाला हसू फुटलं. ती त्यांच्या शेजारी बसली. "माझ्याकडे द्या. आपल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांशी मी बोलले आहे. तिथल्या सुया, पट्ट्या, मुदत संपलेली औषधं न्यायला एक गाडी येते. ते सगळं लांब, मोठ्या भट्टीत जाळतात. तिथला धूर आवरायची सोय असते. आपल्या गावातली उरलेली औषधंही त्या गाडीत द्यायची परवानगी डॉक्टरांनी वरून मागून घेतली."

"फकत माह्यासाठी?"

"तुमच्यासाठी कशाला? घरोघरी डबे आहेत, काकू. तुमचा दिसतो, बाकीच्यांचे झाकलेले आहेत."

हे मात्र सत्यभामाबाईंच्या मनात जाऊन बसलं. त्यांनी झाकण लावलं आणि डबा अनुपमाच्या हाती दिला. मग विचारलं, "पन अर्ध्या राह्यलेल्या त्या तापाच्या मोठ्या गोळ्या... त्याईनं काय बिघडते? त्या तं महाग असतात."

"त्या जंतू मारायच्या गोळ्या. डॉक्टर जितक्या देतात तितक्या पुऱ्या संपवायच्या. अर्ध्यात सोडल्या की उरलेले जंतू निबर होतात. पाण्यात टाकल्या तरी तेच. थोडं थोडं औषध पिऊन जंतू असे तयार होतात की खरं दुखणं आलं तेव्हा गोळी लागूच पडत नाही."

"म्हंजे आपन जंतूच पोसून राह्यलो."

"तेच."

अनुपमाने दुकानाच्या दारात एक मोठी झाकणाची पेटी ठेवली. वर पाटी लावली: घरातली जुनी, उरलेली औषधं इथे टाका. आठवडा गेला. पेटीत एक संपलेली मलमाची नळी पडली आणि बाकी शेंगांची टरफलं. बायका दुकानात यायच्या, पाटी वाचायच्या, पेटीकडे तिरप्या नजरेने बघायच्या आणि निघून जायच्या.

का, ते सिंधूताईंनी येऊन सांगितलं. "लोक म्हनतात, अनुपमा जुन्या गोळ्या गोळा करते अन् नवं पाकीट लावून आपल्यालेच इकते."

अनुपमाला रडू यायचं बाकी राहिलं. हरिओम म्हणाला, "उचल ती पेटी. भलं करायला गेलो आणि दुकानाचं नाव जाईल." तिने त्या दिवशी पेटी आत नेऊनही ठेवली.

सत्यभामाबाईंच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. त्यांनी निवडलेली जुडी तशीच ठेवली, पायात चपला अडकवल्या आणि कितीतरी दिवसांनी स्टँडकडे निघाल्या.

"पेटी काऊन उचलली बे?" दुकानात शिरता शिरता त्या हरिओमवर कडाडल्या. तो त्यांच्या हाताखाली वाढलेला, त्यामुळे मान खाली घालून उभा राहिला. मग त्या अनुपमाकडे वळल्या. "तू शिकेल हाय, पन बायका पेटीत काही टाकत नसतात, माय. बायका हातात देतात. अन् वळखीच्या हातात देतात. संक्रांतीचं हळदीकुंकू माह्या घरी. येताना सगळ्याईनं जुनी औषधं आनायची. तू फकत कात्री अन् काळा पेन घेऊन ये."

"कात्री कशाला?"

"सगळ्याईच्या डोळ्यासमोर पाकिटं खराब करू. मंग कोन म्हनते इकतीन म्हनून, ते पाहतो."

संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमीला अजून अवकाश होता. सत्यभामाबाई घरोघर फिरल्या. दारातून आमंत्रण देऊन त्या परतत नव्हत्या, थेट आत जायच्या, फडताळाकडे बोट दाखवून विचारायच्या, "त्या मागं काय ठुलं?" कुठे पिठाच्या डब्यामागून पिशवी निघाली, कुठे देव्हाऱ्याखालून. एका घरात गेलेल्या आजेसासऱ्यांच्या डोळ्यांचे थेंब अजून शाबूत होते. बायका लाजत म्हणायच्या, "फेकाले जीव होत नाही न वो." "मले सांगू राह्यली?" सत्यभामाबाई म्हणायच्या, आणि मग दोघी हसायच्या.

आळीच्या टोकाला भिमाबाई एकट्या राहायच्या. त्यांचे यजमान लांबच्या आजारात गेले, त्याला दोन वर्षं होत आली होती. सत्यभामाबाई त्यांच्याही घरात गेल्या. पलंगाशेजारच्या खुंटीला कापडी पिशवी टांगलेली होती, औषधांनी फुगलेली. खाली जमीन सारवलेली, पलंगावर चादर ताठ अंथरलेली.

"तूबी ये, भिमे."

"हळदीकुंकवाले? मले?" भिमाबाई मागे सरल्या. "काऊन बोलावतं? लोक काय म्हनतीन?"

"लोकाईचं मी पाहीन. तू ये अन् ते पिशवी घेऊन ये."

भिमाबाई पिशवीकडे पाहत राहिल्या. सत्यभामाबाईंनी जास्त ताणलं नाही.

हळदीकुंकवाच्या दुपारी ओसरी भरली, अंगण भरलं. रंगरावांनी सतरंज्या अंथरल्या आणि आपण बायकांत नको म्हणून मळ्यात निघून गेले. तिळगुळाच्या ताटाजवळ अनुपमाने दवाखान्यातून आणलेली पिवळी पिशवी बादलीत उभी केली होती, शेजारी जाड प्लॅस्टिकची एक बरणी. सुरुवातीला सगळ्या आपापल्या पिशव्या पदराखाली धरून बसल्या. कुणीच पुढे होईना.

मग सिंधूताई उभ्या राहिल्या. "मी खाल्लेली गोळी तुमाले माहीत हाय. मी वाचली, म्हनून सांगाले उभी हाय. माह्या घरी झाडून पाह्यलं तं सासूच्या झोपीच्या गोळ्या अन् लेकराच्या जंताच्या, दोन्ही एकाच डब्बीत!" त्यांनी पहिली पिशवी सतरंजीवर रिकामी केली.

त्यानंतर गर्दीच झाली. अनुपमा एकेक वस्तू उचलून दाखवू लागली. मुदत कुठे लिहिलेली असते, नाव कुठे. पाकीट कापताना नाव आणि तारीख असलेला भाग शेवटपर्यंत राखायचा. गोळ्या चुरायच्या नाहीत, पाकिटातच राहू द्यायच्या. पातळ औषधाचं झाकण घट्ट लावायचं, मोरीत ओतायचं नाही. सुया या जाड बरणीत, कचऱ्याच्या गाडीत कधीच नाही, कारण तो कचरा कुणीतरी हाताने उचलतं. आणि गाडीची सोय नसेल तर? असं एका सुनेने विचारलं. तिचं माहेर बीबी गावचं, तिथे अशी गाडी येत नव्हती. तेव्हा आधी जवळच्या दवाखान्यात, मेडिकलमध्ये विचारायचं, आणि तोवर औषधं लेकरांच्या हाती लागणार नाहीत अशी वर, बंद करून ठेवायची, असं अनुपमाने सांगितलं.

"अन् दुकानात गेल्यावर पुरं पाकीट कायले घ्याचं?" सिंधूताई मधेच म्हणाल्या. "डॉक्टरनं जितक्या लिवल्या तितक्याच मांगा. काऊन वो अनुपमा, देशीन न?"

"देईन," अनुपमा हसत म्हणाली.

कात्री हातोहात फिरू लागली. पाकिटाच्या कडा कापायच्या आणि काळ्या पेनाने मोठी फुली मारायची. म्हाताऱ्यांनाही ते काम आवडलं. ज्यांनी दुकानाविषयी कुजबुज केली होती, त्यांच्याच हातात सत्यभामाबाईंनी मुद्दाम कात्री दिली. "काप माय, चांगली काप. नाहीतं अनुपमा इकन." सगळ्या खिदळल्या. त्या बाईही ओशाळून हसल्या आणि नेटाने कापत राहिल्या.

हे सगळं चाललं असताना भिमाबाई दारात आल्या. हातात ती कापडी पिशवी होती. आवाज कमी झाला. सत्यभामाबाई उठल्या, त्यांना हाताला धरून आत आणलं, आपल्या शेजारी बसवलं आणि हळदीकुंकवाचा करंडा पुढे घेतला.

"हळद लाव," भिमाबाई हळूच म्हणाल्या. "कुंकू राहू दे."

सत्यभामाबाईंनी हळद लावली, हातावर तिळगुळ ठेवला. एका म्हातारीने सरकून त्यांना भिंतीशी टेकायला जागा दिली.

भिमाबाई एकेक औषध काढू लागल्या. हे झोपेचं, हे सुजेचं, ही दुखण्याची, रात्री ओरडायचे तेव्हाची. सगळी पाकिटं पुसलेली, धुळीचा कण नाही. शेवटी त्यांनी एक पातळ औषधाची बाटली काढली. तिचं सील तुटलेलं नव्हतं.

"हे आनलं अन् दुसऱ्या दिवशी ते गेले," त्या म्हणाल्या. "फोडाले टाईमच नाही भेटला."

अनुपमाने पेन पुढे केलं, मग मागे घेतलं. "काकू, ही राहू द्या हवी तर. पुढच्या गाडीला देऊ."

"नाही. आन इकडं." भिमाबाईंनी पेन घेतलं आणि बाटलीवरच्या कागदावर हळूहळू फुली ओढली. बाटली पिवळ्या पिशवीत ठेवली. रिकामी कापडी पिशवी मात्र घडी करून कमरेला खोचली. "हे मी ठेवतो. शिवेल माह्याच हातची हाय."

गाडी आली तेव्हा अनुपमा आणि सत्यभामाबाई दोघी दवाखान्यात होत्या. दोरीने तोंड आवळलेल्या पिवळ्या पिशव्या आणि सुयांची बरणी माणसाने हातमोजे घालून उचलली. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळीही असंच करू, आणि शेजारच्या गावात हळदीकुंकू कोण करेल ते विचारलं. सत्यभामाबाई लगेच म्हणाल्या, "माही बहीन हाय तिथी. मी जातो न." अनुपमाची पेटी पुन्हा दारात आली होती, आणि तिच्यात आता टरफलं पडत नव्हती.

परतताना भिमाबाईंनी दोघींना दारातून हाक मारली. त्यांनी पोहे केले होते. सिंधूताई आधीच येऊन बसल्या होत्या. खिडकी उघडी होती, पलंग भिंतीला लावून खोली मोठी केली होती. चहा आला. भिमाबाई यजमानांविषयी बोलू लागल्या, आणि बोलता बोलता आजार मागे पडला. लग्नाच्या वरातीत ते बैलगाडीतून खाली पडले होते, आणि फेटा एकीकडे, नवरदेव एकीकडे असं झालं होतं. लाजून ते दोन दिवस बायकोशी एक शब्दही बोलले नव्हते.

"खरं?" अनुपमाने विचारलं.

"देवाशपथ! अन् तिसऱ्या दिवशी पहिला शब्द काय बोलले, सांगू? म्हने, तू हसली होती, मी पाह्यलं!"

सिंधूताईंना ठसका लागला. सत्यभामाबाई डोळे पुसत हसत होत्या. "अजून सांग, भिमे," त्या म्हणाल्या. भिमाबाई सांगत राहिल्या, आणि चहा असा गार झाला की पुन्हा चुलीवर ठेवावा लागला.